सोटेमायची चालचलणूक

सोटेमायनं माझ्या बापाचं हासळीचं हाड मोडलं तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. बाप त्या संध्याकाळी आईचे केस धरून तिला चुलीपासून अंगणापर्यंत ओढत घेऊन आला होता. मी अठरा वर्षांचा घोडा, दाराची चौकट धरून उभा. कुंपणापलीकडून सोटेमाय आली. पदर कमरेला खोचलेला, हातात तेंदूचा सोटा. पहिला फटका मनगटावर, तेव्हा आईचे केस सुटले. दुसरा खांद्याजवळ. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो, वाळली काटकी पायाखाली यावी तेवढाच असतो. बाप खाली बसला आणि ओकला. तिनं सोटा भिंतीला टेकवला, आईला उठवून ओट्यावर बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काहून उभा होता बे? पाहाले आलता का?"

बाप त्यानंतर नऊ वर्षं जगला. त्याचा एक खांदा कायम खाली राहिला आणि आईवर त्याचा हात पुन्हा उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोटेमायनंच त्याच्यासाठी हळद-तेलाचा लेप पाठवला होता. हा तिचा रिवाज होता. रात्रीचा मार तिचा, सकाळचा लेपही तिचा. गाव तिला पाठीमागे सोटेमाय म्हणे आणि तोंडावर मोठीमाय. तिचं कागदावरचं नाव पार्वता आहे हे मला कित्येक वर्षांनी, तिचा अर्ज भरताना कळलं.

आमचं गाव पवनीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली. तलावाच्या पाण्यावर धान होतो, आणि धान कापून झाला की उन्हाळ्यात मोह गळतो. सोटेमाय मोहाची दारू गाळायची. नवरा होता तोवर तिनं त्याचा मार खाल्ला. मग एका पोळ्याच्या दिवशी तिनं उलटून एकदाच मारलं, आणि दुसऱ्या सकाळपासून तो तिला 'तुमी' म्हणू लागला, असं म्हातारी माणसं सांगत आणि सांगताना खूप हसत. पुढे तो धानाच्या बांधीत पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. मुलगी चिखल्याला दिली होती. मागे राहिली ती, तिची भट्टी आणि तो सोटा.

तिच्या ओट्यावर माणसाला दोन गिलास मिळत. तिसरा मागितला की ती म्हणे, "तिसरा गिलास बायकोच्या पाठीवर पडते. घरी जाय." दारू विकणाऱ्या बाईनं दारू नाकारावी, यात काही विशेष आहे असं गावात कोणाला वाटत नसे. तिची तशीच पद्धत होती. जबरदस्ती केली तर गिलासाऐवजी सोटा मिळे. मारण्याचेही तिचे नियम होते. डोक्यात कधी मारायचं नाही. "डोस्क्यात अक्कल रायते. यायच्यात आधीच थोडकी, तेबी सांडून जाइल," असं ती म्हणे. आणि रागात मारायचं नाही. "रागात मारलं तं मानूस मरते. मी आधी पानी पेतो, मंग मारतो."

घरात मार खाल्लेली बाई तिच्याकडे तक्रार घेऊन जात नसे. तक्रार तोंडानं करायची लाज वाटते, आणि नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? मारात बांगड्या फुटत. त्यातला एक तुकडा बाई सकाळी पाण्याला जाता-जाता सोटेमायच्या उंबऱ्यावर टाकून पुढे निघून जाई. कुणाच्या हातात कुठल्या रंगाचा चुडा आहे हे सोटेमायला पाठ होतं. संध्याकाळी त्या घरचा माणूस ओट्यावर आला की ती आधी तांब्याभर पाणी पिई. पाणी पिताना ती दिसली की बाकीचे हळूच चपला शोधू लागत. ज्याचा हिशोब असे तोही समजून जाई, आणि मला आठवतं तोवर कोणी पळाला नाही. पळाला असता तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत मार बसला असता.

माझा तिच्यावर जीव होता. मी तलवारीचे पोवाडे गाणाऱ्यातला माणूस नाही, रक्त बघितलं की मला घेरी येते. पण ती शेजारी आहे म्हणून माझी आई रात्री निवांत झोपायची, हे मी विसरू शकत नव्हतो.

तिला मारणारेही होते. वर्षातून दोन-तीनदा धाड पडे. सडव्याची, म्हणजे आंबत घातलेल्या मोहाची, मडकी फुटत, अंगणात आंबट चिखल होई, आणि ती उभी राहून बघत असे. शेवटच्या धाडीत ती मडक्यांच्या आडवी उभी राहिली. एका शिपायानं तिच्या डाव्या हातावर लाठी घातली, एकदा नाही, चार-पाचदा, ती खाली पडल्यावरही. त्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. त्या वेळी तिनं साठी ओलांडली होती.

त्यानंतर महिन्याभरात ती शहापूरला एका लग्नाला गेली. हायवेच्या कडेला एक बार तिनं पाहिला. समोर पोलिसांची गाडी उभी होती आणि शिपाई आत बसून चहा पीत होते. ती परत आली ती सरळ पवनीला, माझ्या दुकानात. तहसीलसमोर माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दाखले, उतारे, प्रतिज्ञापत्रं, सगळं मी टाईप करून देतो. वाकडा हात काउंटरवर ठेवून ती म्हणाली, "त्या दुकानाच्या पाटीवर कायतरी आकडा लिवला होता. त्यानं पोलीस मारत नाई म्हंते. तो आकडा मले आनून दे."

मी म्हटलं, "मोठीमाय, तो परवान्याचा नंबर असते. पण मोहाच्या दारूले परवाना नाई भेटत. बीअर शॉपीचा भेटू शकते. बंद बाटल्या विकाव्या लागन."

"दारू कोनतीबी असो," ती म्हणाली, "देनारा हात माहा पायजे. हाये का कुठं लिवलं, की तिसरी बाटली द्याच लागते म्हून?"

तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी अर्ज भरायला घेतला.

दारूच्या दुकानासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि अर्ज इथंच पडणार असं मला वाटत होतं. सभेला बाया एवढ्या आल्या की शाळेच्या वर्गात मावेनात. सरपंच चपापला. "बायाहो, समजून उमजून हात वर करा. दारूचं दुकान हाये, अंगनवाडी नाई," असं तो दोनदा बोलला. तेव्हा माझी आई उठली. सभेत बोलायची तिची ती पहिलीच वेळ. "दारू तं मानसं पेतेच," ती म्हणाली. "मंग हिच्या हातची पेऊ द्या. ही मोजून देते, अन् चुकला तं मोजून मारते." सगळ्या बायांचे हात वर गेले. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांचेही गेले, कारण हात वर न करणाऱ्यांना बाया बघून ठेवत होत्या. दारूच्या दुकानासाठी बायांनी भांडून मंजुरी दिल्याचं मी तरी दुसरं ऐकलं नाही.

ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आणि कागदांची भाषा मला येते, म्हणून ग्रामसेवकानं वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, 'गावातील अमुक गट क्रमांकामध्ये बीअर शॉपी सुरू करण्यास या ग्रामसभेची हरकत नाही.' खाली बायांच्या सह्या आणि अंगठे. माझ्या आईचा अंगठा सगळ्यांत वर. वाक्य सुबक झालं असं मला तेव्हा वाटलं होतं.

उरला चालचलणुकीचा दाखला. अर्जदाराची पोलिस पडताळणी होते, दोन-अडीच महिने लागतात. तिच्यावर दारूच्या जुन्या केसेस होत्या, पण त्या दंड भरून निकाली निघाल्या होत्या. मारहाणीची एकही नव्हती, कारण मार खाल्लेला कोणता माणूस ठाण्यात जाऊन सांगेल की मला एका बाईनं मारलं? मी तिला बजावलं, "मोठीमाय, आता एकबी तक्रार झाली तं कागद गेला. दोन महिने हात बांधून ठेव."

तिनं सोटा माझ्या घरी आणून दिला. आईनं तो धानाच्या कोठीमागे ठेवला. "माह्याजवळ रायला तं तो आपोआप उठते," सोटेमाय म्हणाली.

गावाला हे कळायला आठ दिवस लागले. पहिल्यांदा एकानं तिसरा गिलास स्वतःच्या हातानं भरून घेतला आणि तिनं काही केलं नाही. मग दुसऱ्यानं तिच्या अंगणात थुंकून दाखवलं. मागे एका होळीला तिचा मार खाल्लेले दोघे भाऊ येऊन तिची मडकी फोडून गेले आणि जाताना एकानं तिला ढकललं. ती दोन्ही हात काखेत घालून भिंतीला पाठ लावून बसे. सकाळी उंबऱ्यावर काचा पडलेल्या असत, लाल, हिरव्या, कधी तीन-तीन घरच्या. ती त्या वेचून डालड्याच्या जुन्या डब्यात टाकी. महिन्याभरात डबा अर्धा भरला. संध्याकाळी गल्लीतून किंचाळ्या ऐकू येऊ लागल्या, ज्या आमच्या गावानं बरीच वर्षं ऐकल्या नव्हत्या. आई मला म्हणाली, "तुहा कागद कवा येते बापा?"

सगळ्यांत वाईट होता देवानंद. सोटेमायच्या दिराचा पोरगा. तिच्या घराला लागूनच त्याचं घर, गट एकच, मध्ये तुराट्यांचं कुंपण, पलीकडचा हिस्सा त्याचा. इस्त्रीचा शर्ट घालणारा, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा माणूस. दारू पीत नसे. म्हणून तो सोटेमायच्या ओट्यावरही कधी सापडला नव्हता, आणि त्याची बायको सुनीता काच टाकायलाही घाबरायची. तो शुद्धीत मारायचा, गाडीच्या क्लचच्या वायरनं, दुपारचं जेवण झाल्यावर.

एका रविवारी मी घरी होतो. दुपारी सुनीता ओरडत कुंपणाशी आली. पाठीवर वायरीचे वळ उठलेले, पोलकं फाटून कातडीला चिकटलेलं. मागून देवानंद. सोटेमाय कुंपणाच्या अलीकडे उभी होती, मीही धावत गेलो. सुनीतानं तुराट्यांतून हात काढून तिचा पदर धरला. "मोठीमाय," एवढंच म्हणाली.

सोटेमायनं माझ्याकडे बघितलं. "सांग," ती म्हणाली.

मला अजून ते 'सांग' ऐकू येतं. मी म्हणालो, "हवालदार परवा चौकशी करून गेला. उद्या सही होते. एकच दिवस हाये, मोठीमाय."

ती खाली बसली. सुनीताचा हात तिच्या पदरावरून सुटला. देवानंदनं सुनीताला केसाला धरून खाली पाडलं आणि बुटाच्या टाचेनं कानावर मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा कानातून रक्त आलं. त्यानं आमच्याकडे बघून शर्टाची बाही नीट केली आणि आत गेला. मी कुंपण मोडून गेलो, पण केव्हा गेलो, तो आत गेल्यावर.

सुनीताला मी माझ्या गाडीवर मागे बसवून पवनीच्या दवाखान्यात नेलं. तिनं डॉक्टरला सांगितलं, तलावाच्या पायरीवरून पडली. मी बाजूलाच उभा होतो, मीही तेच सांगितलं. तिचा डावा कान गेला.

सोमवारी सकाळी सोटेमाय आमच्या घरी आली. मी अंघोळीला गेलो होतो. आईनं काही न विचारता कोठीमागून सोटा काढून दिला. तिनं आमच्याच माठातलं तांब्याभर पाणी प्यायलं. देवानंद तलावाच्या पाळीवर गाडी धूत होता. कपडे धुणाऱ्या बाया होत्या, गुरं घेऊन आलेली माणसं होती. तिनं त्याच्या उजव्या हाताच्या कोपरावर मारलं, कोपर उलट्या बाजूला वाकलं. मग दोन्ही गुडघ्यांवर. तो चिखलात लोळत तिला मोठीमाय, मोठीमाय म्हणत होता. ती थांबली नाही. तिच्या त्या मारात या वेळी मोजमाप नव्हतं, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. एक फटका डोक्यात बसला, आणि तेव्हा ती स्वतःच दचकून मागे सरली. सोटा पाण्यात टाकून ती चालत ठाण्यात गेली आणि म्हणाली, "लिवून घ्या. पुतन्याले मारलं. मेला नसन तं वाचन."

देवानंद वाचला. सोटेमाय अकरा दिवस आत राहिली. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सही करून सुटली, म्हणजे पुन्हा हात उगारला की सरळ जेल. अर्ज नामंजूर झाला. चालचलणूक समाधानकारक नाही, असा शेरा मीच तिला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर लिवलं. समाधान तं माहंबी नाई झालं." मुलगी येऊन तिला चिखल्याला घेऊन गेली. मला दोष देणारा एकही शब्द ती बोलली नाही, हे मी तेव्हा तिचा चांगुलपणा समजलो.

सहा महिन्यांनी देवानंद लंगडत माझ्या दुकानात आला. हातात ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल. त्यानं ती माझ्यापुढे ठेवली आणि हसून म्हणाला, "यात कोनाचं नाव हाये, वाचून सांग बरं." मी वाचलं. गट क्रमांक होता. सोटेमायचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं. गट तोच, हिस्सा त्याचा. गावातल्या सगळ्या बायांचे अंगठे देवानंदच्या दुकानासाठी तयार पडले होते, आणि ते मी माझ्या सुबक वाक्यानं त्याला दिले होते.

मी त्याला हाकलू शकलो असतो. मी स्वतःला समजावलं की दुसरा कोणी टाईप करून देईलच. 'अर्जदाराविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय?' या रकान्यात मी 'नाही' टाईप केलं, आणि ते खरंच होतं. दवाखान्यात तलावाची पायरी आम्हीच सांगितली होती. त्याचा चालचलणुकीचा दाखला पंधरा दिवसांत आला. दुकान सुरू झालं त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. माझ्या आईनं पेढा घेतला नाही. ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

दिवाळीनंतर मी चिखल्याला गेलो. जावई मँगनीजच्या खाणीत कामाला, कॉलनीत दोन खोल्या. सोटेमाय दारात उन्हाला बसून लसूण सोलत होती, उजव्या हातानं, डाव्याची वाकडी बोटं परातीवर टेकवून. मी तिला सगळं सांगितलं. गट क्रमांक, देवानंदचा अर्ज, तो कोणी टाईप केला ते. ती लसूण सोलत राहिली. मग तिनं विचारलं, "सुनीता?"

सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघून गेलं. "दुकानात गल्ल्यावर बसते. त्यानंच बसवली. गिराईक डाव्या बाजूनं बोललं तं तिले आयकू नाई येत. मंग तो मागून मुंडक्यावर चापट मारते, तवा वळून पायते."

सोटेमाय उठली. परात बाजूला सारून आत गेली आणि एक लुगडं पिशवीत कोंबून बाहेर आली. चप्पल घातली. पाणी प्यायली नाही. "गाडी कवा हाये?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "शेवटची गाडी गेली, मोठीमाय. मीच ट्रकवर बसून तुमसरले जातो. तू उद्या ये."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "इले सोडू नोको. बाँड मोडला तं जेलातून जिती नाई येनार." हे खरं होतं. त्याहून खरं हे होतं की ती आली असती तर मला तिच्यासोबत देवानंदच्या दुकानापर्यंत चालत जावं लागलं असतं, आणि या वेळी दार धरून उभं राहता आलं नसतं.

ती रोज पिशवी घेऊन दारात बसायची आणि मुलगी रोज तिला आत न्यायची. नवव्या दिवशी सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला आणि दुपारी ती गेली. सुनीता अजून गल्ल्यावर बसते. शेवटची गाडी गेली असं मी तिला सांगितलं, त्या दिवशी चिखल्याहून साडेचारची बस होती. मी त्याच बसनं परत आलो.